रंग न लावता उभी केलेली जीप

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची जीप १९७१ सालची, महिंद्राची सीजे-३बी. पन्हाळ्याच्या बाजूला आमचं गाव. तिथे गोठ्याला लागून असलेल्या पाचटाच्या छपराखाली ती २०१६पासून उभी होती. २०१९मध्ये अण्णा गेले. डिसेंबर २०२२मध्ये मी ती बाहेर काढली आणि एप्रिल २०२४मध्ये पासिंग होऊन ती रस्त्यावर आली. इंजिन, ब्रेक, चासी (गाडीचा खालचा सांगाडा), वायरिंग सगळं नव्यानं केलं. वरचा पत्रा मात्र उन्हापावसानं जसा झाला होता तसाच ठेवला. असं काम करायचं म्हटल्यावर गॅरेजपासून आरटीओपर्यंत प्रत्येकाला समजावून सांगावं लागलं, आणि माहिती दहा ठिकाणांहून गोळा करावी लागली. ती एका जागी लिहून ठेवते. कुणाच्या परड्यात अशीच एखादी जीप उभी असेल तर उपयोगी पडेल.

आधी गाडीविषयी थोडं. अमेरिकेत विलीज कंपनीनं हे मॉडेल १९५३मध्ये आणलं. त्यातल्या हरिकेन इंजिनाचे इनलेट व्हॉल्व वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व खाली ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि ते मावावं म्हणून बॉनेट उंच करावं लागलं. तिकडे १९६८मध्ये ही गाडी बंद झाली, पण आपल्याकडे महिंद्रा ती पुढेही बनवत राहिली. म्हणून पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीचे सुटे भाग आजही मिळतात. अण्णांनी आमची जीप १९७९ साली एका साखर कारखान्याच्या लिलावात घेतली. त्याआधी ती कारखान्याच्या शेती विभागात उसाचे फड बघत फिरायची. पुढे आमच्याकडच्या अनेक जीपांना डिझेल इंजिनं बसली, अण्णांनी मात्र पेट्रोलचं मूळ इंजिन बदललं नाही.

पत्र्यावर तीन थर दिसत होते. सगळ्यात खाली मूळ गडद हिरवा. बॉनेट आणि मडगार्डवर अण्णांनी गावातल्या पेंटरकडून ब्रशनं मारून घेतलेला फिका हिरवा. आणि हे दोन्ही जिथे घासून गेले तिथे तपकिरी गंज. बॉनेटवर त्याच पेंटरनं लिहिलेलं ‘चांगभलं’ अर्धवट उरलं होतं. दर चैत्रात ही जीप जोतिबाला जायची. ड्रायव्हरच्या बाजूला अण्णांचा हात जिथे टेकायचा तिथला रंग पूर्ण गेलेला आणि पत्रा गुळगुळीत झालेला. हे सगळं घासून वर चकचकीत रंग मारला असता तर गाडी कोणत्याही प्रदर्शनात शोभली असती, पण ती आमची राहिली नसती.

टेम्पोत घालून जीप कोल्हापूरला मिस्त्रीमामांकडे नेली. चाळीस वर्षं जीपच दुरुस्त करणारा माणूस. गाडीभोवती फेरी मारून ते म्हणाले, “ताई, इंजिन खोलतो, पत्रं मारतो आणि असा रंग देतो की आरसा बघायला नको.”

“मामा, रंग द्यायचाच नाही.”

“म्हंजे असली गंजकी घिऊन फिरणार व्हय? लोकं काय म्हणतील मला?”

त्यांची अडचण खरी होती. त्यांच्या कामाची ओळख म्हणजे शेवटचा रंग. मग मी एक नियम सांगितला, तो दोघांनाही शेवटपर्यंत उपयोगी पडला: गाडीचा भार, वेग आणि ब्रेक ज्याच्यावर अवलंबून आहे ते सगळं नवं करायचं, त्यात तडजोड नाही. जे नुसतं दिसतं ते राखायचं. मामा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मग चासीत मी म्हणीन तसं.” ते मी लगेच कबूल केलं.

बऱ्याच जणांनी तयार नवी बॉडी घ्यायला सुचवलं. या जीपची अख्खी नवी बॉडी बाजारात मिळते आणि जुनी दुरुस्त करण्यापेक्षा स्वस्त पडते, हे खरं आहे. पण मग राखायला उरतं काय?

पहिलं काम गंजाची वर्गवारी. सगळा गंज सारखा नसतो. वरवरचा पातळ, घट्ट बसलेला तपकिरी थर फारसा त्रास देत नाही. तेल किंवा मेणाखाली ठेवला तर वर्षानुवर्षं तसाच राहतो. पापुद्रे सुटणारा गंज वेगळा, तो काढावाच लागतो. सगळ्यात वाईट गंज दोन पत्र्यांच्या सांध्यात असतो. लोखंडापेक्षा गंज जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो आतून फुगून सांधेच फाकवतो. मडकं घेताना वाजवून बघतात तसा मामांनी छोट्या हातोडीनं सगळा पत्रा वाजवला. जिथे आवाज बद्द आला तिथे खडूनं खूण केली. ड्रायव्हरच्या पायाखालची फरशी, तिच्या खालच्या आडव्या पट्ट्या, डाव्या मागच्या चाकावरचा कोपरा आणि चासीचा मागचा आडवा दांडा, एवढं गेलेलं होतं. गोठ्याच्या ओलीनं आणि जनावरांच्या मुताच्या वाफेनं डावी बाजू जास्त खाल्ली होती. बाकीचा पत्रा बाहेरून भयंकर दिसत असला तरी आतून शाबूत निघाला.

इथे एक सांगते. धुण्यासाठी सर्व्हिसिंग सेंटरचा जोरदार पाण्याचा फवारा वापरू नका. सुटू पाहणारा रंग त्यानं पाच मिनिटांत उडून जातो. आम्ही कोमट पाणी, थोडं भांड्याचं लिक्विड आणि मऊ कापड घेऊन हातानं गाडी धुतली. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासणं पूर्ण बंद. जे काही घासायचं ते ओलं करून आणि मास्क लावून.

कागदपत्रांचं काम गॅरेजच्या कामासोबतच सुरू केलं, आणि तसंच करा असं मी सगळ्यांना सांगते. गाडी तयार होईपर्यंत थांबलात तर तयार गाडी कागदासाठी उभी राहते.

आरसी बुक कागदी, घडीवर फाटलेलं. शेवटचं नूतनीकरण नोव्हेंबर २०१८पर्यंतचं. हात लावण्याआधी त्याच्या प्रत्येक पानाचं स्कॅनिंग करून घेतलं. इतक्या जुन्या गाडीची नोंद ऑनलाइन नसेल तर आधी ती चढवून घ्यावी लागते. कागदी बुक आणि कार्यालयातलं जुनं रजिस्टर ताडून हे होतं. खिडकीवर ‘बॅकलॉग एंट्री’ एवढं म्हटलं की कळतं. फेब्रुवारी २०२३मध्ये अर्ज दिला, नोंद दिसायला मे उजाडला. रजिस्टर शोधून देणाऱ्या कर्मचाऱ्यानं ते माझ्यासमोर उघडलं. त्यात आधी कारखान्याचं आणि त्याखाली अण्णांचं नाव शाईनं लिहिलेलं होतं. मी त्या पानाकडे किती वेळ बघत उभी होते मला आठवत नाही.

मालक हयात नसेल तर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. सोबत मृत्यूचा दाखला, आरसी, विमा आणि बाकीच्या वारसांची संमती. आमच्याकडे आई आणि दादा. दादा बंगळुरूला, तो गणपतीला घरी आला तेव्हा दोघांची प्रतिज्ञापत्रं शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतली. खरं तर मालक गेल्यावर तीन महिन्यांत हा अर्ज द्यायचा असतो. घरात कुणी गेल्यावर गाडीचं बुक कुणाच्या ध्यानात येत नाही, पण शक्य असेल तर हे काम त्याच वेळी उरका.

आता इंजिन. ते जाम होतं, हँडल घालून हलत नव्हतं. नेहमीचा उपाय म्हणजे प्लगच्या भोकांतून डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल मिसळून ओतायचं आणि वाट बघायची. पण या इंजिनात खाली ब्लॉकमध्ये व्हॉल्व असल्यानं ज्या सिलिंडरचा व्हॉल्व उघड्यावर अडकला होता तिथलं मिश्रण सायलेन्सरकडे निघून जात होतं. शेवटी हेड उतरवलं, पिस्टनवर थेट तेल भरलं आणि वर कापड झाकून ठेवलं. मामा रोज सकाळी हँडलला थोडा दाब देऊन बघत. जोर लावायचा नाही, स्टार्टर तर मुळीच लावायचा नाही. मार्चमध्ये एके दिवशी हँडल दोन बोटं सरकलं आणि त्यानंतर आठवड्याभरात इंजिन मोकळं झालं. ब्लॉक उद्यमनगरात लेथवर नेला. सिलिंडरचा बोअर घासून तीस साईझ मोठा, क्रँक घासून दहा साईझ बारीक (साईझ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), व्हॉल्वची सीटं नवी, हेड घासून सपाट. पिस्टन-रिंगांचा संच आणि गॅस्केटं दिल्लीच्या काश्मिरी गेटहून ट्रान्सपोर्टनं मागवली. सगळं मिळून ६२ हजार रुपये झाले.

खोलताना दोन गोष्टींचा फार उपयोग झाला. एक, इंची पाने. या गाडीचे बोल्ट इंचांत आहेत. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो आणि बोल्टचं डोकं गोल करतो. दुसरी, पिशव्या. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, आत चिठ्ठी, आणि खोलण्याआधी मोबाइलवर फोटो. बाहेरून दिसणारे बोल्ट मी जुनेच वापरले. पितळी ब्रशनं आटे साफ करून डोक्यावरचा गंज तसाच ठेवला. जिथे ताण येतो तिथले मात्र सगळे नवे, चांगल्या ग्रेडचे.

बॉडी उचलल्यावर चासी सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं गंज काढायला दिली. इथे सगळ्यात महत्त्वाची सूचना: चासीवर कोरलेला नंबर आधी झाका. आम्ही त्यावर जाड रबराची पट्टी आणि चार पदर टेप लावला, शिवाय ब्लास्टिंगवाल्याला समोर उभं राहून दाखवलं. तो नंबर पुसट झाला तर नव्यानं पंच करायला आरटीओची परवानगी आणि वेगळी तपासणी लागते आणि सगळं काम तिथे अडकतं. ब्लास्टिंगनंतर त्याच दिवशी झिंकचा प्रायमर मारला, कारण कोल्हापूरच्या हवेत उघडं लोखंड एका रात्रीत लाल पडतं. मागचा आडवा दांडा नवा घातला, चासीच्या पोकळ भागांत मेणाचं गंजरोधक फवारलं. पाट्यांचे (चाकांवरच्या स्प्रिंगांचे) बुश आणि शॅकल बदलले. ब्लास्टिंग आणि रंग १४ हजार, दांडा आणि पाट्यांचं काम २१ हजार. बॉडीचा पत्रा ब्लास्टिंगला देऊ नका. पातळ पत्रा त्या माऱ्यानं वाकतो, आणि राखायचं तेच उडून जातं.

जून आला आणि बॉडीचं काम थांबवलं. पावसाळ्यात उघड्या पत्र्यावर काही करण्यात अर्थ नाही. तो वेळ मी चाचणीसाठी वापरला. भंगारातून त्याच वयाचं, तशाच हिरव्या रंगाचं एक मडगार्ड किलोवर विकत घेतलं होतं. त्याचे चार तुकडे केले. एक तसाच ठेवला, एकावर मॅट लॅकर मारलं, एकावर जवसाचं उकळवलेलं तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून, आणि एकावर मेण. चारही तुकडे गच्चीवर तारेला टांगले आणि पाऊस संपेपर्यंत हलवले नाहीत.

ऑक्टोबरमध्ये उतरवले तेव्हा निकाल डोळ्यांसमोर होता. उघड्या तुकड्यावरून नारिंगी ओघळ. लॅकर सुरुवातीला सगळ्यात छान दिसलं होतं, पण कडेनं पाणी आत शिरलं आणि पारदर्शक थराखाली गंजाच्या बारीक रेषा पसरल्या. नखानं ओढलं तर थर सोलून येत होता. मेणाचा तुकडा ऑगस्टपर्यंत ठीक, नंतर उघडा पडला. तेलाचा तुकडा थोडा काळसर झाला होता, दोन ठिकाणी बुरशीचे ठिपके आले होते, ते व्हिनेगरच्या कापडानं गेले. पण खाली गंज वाढलेला नव्हता. तेव्हा ठरलं: जिथे लोखंड उघडं आहे तिथे तेल, जिथे रंग उरला आहे तिथे मेण, आणि दोन्ही दरवर्षी पुन्हा. टॅनिक किंवा फॉस्फरिक आम्लाचे गंज बदलणारे द्राव गंजाला काळा करतात. ते मी फक्त फरशीच्या खालच्या बाजूला, जिथे दिसत नाही तिथे वापरले.

पत्र्याचं काम नोव्हेंबर २०२३मध्ये सुरू झालं. फरशी आणि खालच्या पट्ट्या नव्या पत्र्याच्या. मागच्या चाकावरच्या कोपऱ्याला मात्र नवा पत्रा लावला असता तर तो कायम वेगळा दिसला असता. तिथे भंगारातल्या त्याच मडगार्डचा उरलेला तुकडा कापून आतल्या बाजूनं बसवला. सलग वेल्डिंग केलं तर पातळ पत्रा तापून वाकतो, म्हणून सीओ-टू वेल्डिंगचे सुटे टाके, एक इथे तर दुसरा तिकडे, मध्ये थंड होऊ द्यायचं. मामांच्या पोरानं त्या एका कोपऱ्यावर तीन दिवस घालवले. वेल्डिंगची घासलेली चकचकीत रेघ व्हिनेगरनं मंद केली आणि सोड्याच्या पाण्यानं धुतली. एवढंच. बाकी कुठेही मुद्दाम गंज आणला नाही. नव्या पत्र्यावर आम्ल टाकून जुनेपणा आणणारे कारागीर आहेत. मला ते पटत नाही. जी झीज गाडीनं सोसलेली नाही ती तिच्या अंगावर दाखवायची कशाला?

मग मागचा फाळका, म्हणजे गाडीच्या मागची उघडणारी फळी. त्यावर अण्णांनी कधी रंग मारला नव्हता, पण वर्षानुवर्षांची माती आणि गंजाचे डाग बसून तो सगळा एकसारखा तपकिरी झाला होता. आईला आठवत होतं की त्यावर काहीतरी लिहिलेलं असायचं. केमिकलच्या दुकानातून ऑक्झॅलिक आम्लाची पूड आणली. ती विषारी असते, हातमोजे आणि चष्मा हवाच. लिटरभर कोमट पाण्यात तीस-चाळीस ग्रॅम घालून आधी सीटखाली एका कोपऱ्यात करून बघितलं. हिरव्या रंगाला धक्का लागला नाही. मग कापसाचा बोळा ओला करून टेकवायचा, घासायचं नाही, थोडा वेळ ठेवायचा, उचलायचा, स्वच्छ पाण्यानं टिपायचं. बोळा पिवळट तपकिरी होऊन निघायचा. तासाभरानं एक पिवळी उभी रेघ दिसली. मग तिच्या डोक्यावरची आडवी. संध्याकाळपर्यंत ‘शेती विभाग’ ही अक्षरं पूर्ण वाचता आली. ‘शे’ची मात्रा पेंटरनं जरा जास्त ओढलेली, ‘भा’चा काना अर्धा उडालेला. मामा हातातलं काम टाकून बघायला आले. त्यांनी खिशातला रुमाल काढून स्वतःचे हात पुसले आणि मगच त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. त्या दिवसानंतर रंगाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. उलट गॅरेजात येणाऱ्याला ते स्वतः फाळका दाखवायला न्यायला लागले.

तेल लावायला डिसेंबर-जानेवारीचं कोरडं ऊन धरलं. आधी सुटा गंज नायलॉनच्या जाळीनं ओल्यानं काढला, पूर्ण वाळवलं, मग तेल आणि टर्पेंटाइन अर्धं-अर्धं करून सुती कापडानं अगदी पातळ हात. पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून घ्यायचं, नाहीतर चिकट राहतं आणि धूळ धरतं. दोन हातांमध्ये तीन-चार दिवस. आणि हे नीट वाचा: जवसाच्या तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. काम झालं की चिंध्या पाण्याच्या बादलीत बुडवायच्या किंवा दोरीवर पसरून पूर्ण वाळू द्यायच्या. गॅरेजात पेट्रोल असतं, त्यामुळे यात हयगय नको.

ब्रेकवर मी एक रुपयाही वाचवला नाही. चारही चाकांना ड्रम आणि सगळ्यांना मिळून ब्रेकच्या तेलाला दाब देणारा एकच मास्टर सिलिंडर. एक पाईप फुटला तर पेडल सरळ खाली जातं. मास्टर, चार व्हील सिलिंडर, पाईप, लायनर सगळं नवं, २४ हजार. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, ड्रम हवेच्या फवाऱ्यानं साफ करू देऊ नका. ओल्या कापडानं पुसायला सांगा. ६.००-१६चे टायर अजून मिळतात, पाच टायर-ट्यूबांचे २६ हजार. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते, तेव्हा तिची आतून सफाई आणि गळतीची तपासणी रेडिएटरवाल्याकडून करून घेतली. पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सहन करणारे घातले. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि जुनं रबर त्यात फुगतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नये, कारण इथेनॉल पाणी ओढतं.

फेब्रुवारी २०२४मध्ये इंजिन सुरू झालं. आधी प्लग काढून हँडलनं फिरवलं, तेलाचा दाब काट्यावर आलेला बघितला, मग प्लग लावले. एक-तीन-चार-दोनच्या क्रमानं वायरी तपासून मामांनी मान हलवली आणि मी स्टार्टर दाबला. आईला फोन लावून फोन बॉनेटजवळ धरला. ती म्हणाली, “अगं, ही तर ह्यांची गाडी.” पुढे दोघींनाही बोलता आलं नाही.

नोंदणीसाठी दोन वाटा होत्या. ५० वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींसाठी २०२१पासून व्हिंटेज नोंदणीची सोय आहे. नवी नोंदणी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्यानं नोंदलेल्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच. मला जीप शेतावर न्यायची होती, जोतिबाला न्यायची होती. म्हणून साधं नूतनीकरण निवडलं, फॉर्म २५, पाच वर्षांसाठी. शुल्क तेव्हा ५ हजार होतं, पण मुदत संपून गेल्यावर प्रत्येक महिन्याला ५०० रुपये जास्तीचे लागतात. मार्च २०२४पर्यंतचे ते ३२ हजार झाले. पर्यावरण कर वेगळा. हा भाग जड गेला. ऑगस्ट २०२५पासून २० वर्षांपुढच्या हलक्या मोटारींचं नूतनीकरण शुल्क १० हजार झालं आहे, तेव्हा मुदत चुकवू नका.

थर्ड पार्टी विमा काढताना एका कंपनीनं फोटो बघूनच नकार दिला, दुसरीनं माणूस पाठवून गाडी चालवून बघितली आणि पॉलिसी दिली. १५०० सीसीच्या वरच्या खासगी मोटारीला वर्षाचा दर तेव्हा ७,८९७ रुपये होता आणि वर जीएसटी. आमचं इंजिन २,१९९ सीसीचं. पीयूसी कार्बोरेटर जुळवून घेतल्यावर मिळालं. मुदत संपलेली गाडी चालवत आरटीओत नेता येत नाही, म्हणून टेम्पोतूनच नेली.

तपासणीच्या दिवशी मनात धाकधूक होती. आरसीवर रंग ‘हिरवा’ आणि समोर ही जीप. निरीक्षकांनी पहिल्यांदा विचारलं, “रंगाचं काम राहिलंय का?” मी म्हटलं, “नाही साहेब, एवढंच ठेवायचं आहे.” चासीचं, फरशीचं, वेल्डिंगचं काम टप्प्याटप्प्यानं दाखवणारे फोटो छापून फाइलमध्ये लावले होते, ते पुढे केले. त्यांनी खाली वाकून चासी बघितली, नंबरचं पेन्सिल प्रिंट घेतलं, फरशीवर पाय आपटून बघितला, पत्र्याची कुठे धार लागते का ते हात फिरवून तपासलं. दिवे, हॉर्न, वायपर, आरसे, ब्रेक. मग फाळक्यापाशी थांबले. “कारखान्याची होती का?” म्हणाले. पासिंग झालं, रंगाच्या जागी ‘हिरवा’ कायम राहिला. ती फोटोंची फाइल करायला विसरू नका. बाहेरून न दिसणारं काम तिच्यामुळेच दिसतं.

एकूण खर्च सरकारी शुल्क धरून तीन लाखांच्या थोडा पुढे गेला. त्यात सगळ्यात जास्त वाटा इंजिनाचा आणि पत्र्याचा. वरून जे राखलं त्या तेला-मेणाला पाच हजारही लागले नाहीत, फक्त वेळ लागला.

२०२५च्या उन्हाळ्यात उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली, ७४५ रुपये आणि जीएसटी. तीन अक्षरांच्या जुन्या नंबरचीही प्लेट होते. हातानं रंगवलेली जुनी पाटी घरात ठेवली आहे. चैत्रात जीप जोतिबाला जाऊन आली, घाटात इंजिन तापलं नाही. दर दिवाळीनंतर तेलाचा एक हात द्यायचा, हे मामांच्या पोरानंच आता अंगावर घेतलं आहे. डाव्या मडगार्डच्या कडेला यंदा थोडा ओला गंज दिसतोय, तिथे नोव्हेंबरमध्ये आधी जाळी फिरवावी लागेल.